टार्गेट तसंच ठेवून प्रशिक्षण कशाला?

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल हातात आले की दर वर्षी एक वाद रंगतो आणि वर्ग सुरू झाले की विरून जातो. वाद असतो कॉलेजांच्या ॲडमिशन काउन्सेलरांचा. पालकांना दिवसातून चारदा फोन करणारे, तालुक्याच्या मंगल कार्यालयात ‘करिअर मार्गदर्शन मेळावा’ भरवणारे, आणि ‘सर, आज संध्याकाळपर्यंत दहा हजार भरून सीट ब्लॉक करून ठेवा, उद्या माझ्या हातात काही राहणार नाही’ असं अगदी घरच्यासारखं सांगणारे ते हे लोक. एक पक्ष म्हणतो, हे सगळे दलाल आहेत, बंदी घाला. दुसरा, स्वतःला समंजस समजणारा पक्ष म्हणतो, बंदी कशाला? त्यांना रीतसर प्रशिक्षण द्या, आचारसंहिता लावा, परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्या, फोन रेकॉर्ड करा. हल्ली हा दुसरा पक्ष वरचढ आहे, कारण त्याचं म्हणणं कोणालाच दुखवत नाही. संस्थाचालक माना डोलावतात, प्रशिक्षण देणाऱ्यांना कामं मिळतात, पालकांना काहीतरी होतंय असं वाटतं.

मला दोन्ही पक्षांचं म्हणणं अपुरं वाटतं, कारण दोघेही माणसाचं चारित्र्य तपासताहेत आणि त्याची पगाराची स्लिप कोणीच मागत नाही. ज्याची नोकरी, पगारवाढ किंवा कमिशन ‘या महिन्यात किती ॲडमिशन्स कन्फर्म केल्या’ यावर ठरतं, त्याला सचोटीचे धडे देणं हा वेळेचा अपव्यय आहे. आधी मोबदला आणि प्रवेशांची संख्या यांतला धागा तोडा. तो तोडल्यावर प्रशिक्षणाचा उपयोग होईल. तो तोडायचा नसेल, तर प्रशिक्षणाने होईल ते एवढंच, की आज उघड खोटं बोलणारा माणूस उद्या पकडता न येणारं अर्धसत्य बोलायला शिकेल.

हा धंदा उभा कसा राहिला ते आधी पाहायला हवं. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हा जागा थोड्या आणि गरजू पुष्कळ होते. पालक डोनेशनची पिशवी घेऊन कॉलेजच्या दारात उभे असत. मधल्या दलालाला पैसे मिळत ते विद्यार्थ्याकडून. १९८७ चा कॅपिटेशन फीविरोधी कायदा याच व्यवहारावर आला. पुढची दीड-दोन दशकं मोहिनी जैन, उन्नीकृष्णन, टीएमए पै, इनामदार असे सर्वोच्च न्यायालयाचे खटले गाजले, त्यांतही प्रश्न मुख्यतः हाच होता की संस्थेने विद्यार्थ्याकडून किती आणि कसं घ्यावं. दरम्यान बाजार उलटला. मेडिकलची आणि काही नामांकित कॉलेजांमधल्या कॉम्प्युटर शाखेची गोष्ट सोडा, पण बाकी शेकडो कॉलेजांत जागा रिकाम्या पडू लागल्या. आता कॉलेजच विद्यार्थ्याच्या दारात उभं आहे आणि मधल्या माणसाला पैसे देतं. आपले कायदे मात्र अजून जुन्या दिशेलाच तोंड करून बसले आहेत. विद्यार्थ्याकडून जादा पैसे घेणं हा गुन्हा आहे. विद्यार्थी ‘आणून देण्याचे’ पैसे देणं हा मात्र मार्केटिंगचा खर्च.

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते मान्य करू. बंदी मागणाऱ्यांनी कधी ‘कॅप’चा, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म भरून पाहिला आहे का? नॉन-क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस, जात पडताळणीची पावती, कुठल्या फेरीत जागा गोठवली तर पुढची फेरी बंद, कुठला पर्याय वर ठेवायचा. ज्या घरात याआधी कोणी पदवीपर्यंत पोचलेलं नाही, त्या घराला हे सगळं कोण समजावून सांगणार? सुविधा केंद्रातला कर्मचारी कागद तपासतो, पण त्याच्यामागे रांग असते आणि सल्ला देणं हे त्याचं कामच नव्हे. अशा वेळी रात्री नऊ वाजता फोन उचलणारा एकच माणूस असतो, तो हा काउन्सेलर. त्याला हाकलून दिलं तर त्याची जागा रिकामी राहणार नाही. गावातला सायबर कॅफेवाला ती घेईल, किंवा मुलाचा लॉगिन-पासवर्ड आणि ओटीपी स्वतःकडे ठेवून परस्पर पर्याय भरून टाकणारा एखादा ‘दादा’ घेईल. बंदीने मागणी मरत नाही, हे डोनेशनच्या बाबतीत आपण पाहिलेलं आहे.

प्रशिक्षणवाद्यांचाही एक मुद्दा वजनदार आहे. या फोनमागे बसलेली मुलं कोण असतात? बहुतेक बाविशी-पंचविशीतली, स्वतः अशाच एखाद्या कॉलेजातून बाहेर पडलेली, दुसरी नोकरी न मिळालेली. त्यांपैकी अनेकांना एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, मान्यता म्हणजे काय, खाजगी विद्यापीठ आणि विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय यांत फरक काय, हे खरंच ठाऊक नसतं. ती जे चुकीचं सांगतात ते दर वेळी लबाडीतून येत नाही. नियम माहीत असलेला माणूस नियम माहीत नसलेल्यापेक्षा बरा, हे मीही मानतो. पण म्हणून प्रशिक्षण पुरेसं आहे का?

त्यासाठी अमेरिकेकडे पाहावं लागतं, कारण हा प्रयोग तिथे पूर्ण होऊन त्याची उत्तरीय तपासणीही झालेली आहे. नफ्यासाठी चालणाऱ्या तिथल्या कॉलेज-कंपन्यांची सिनेटर टॉम हार्किन यांच्या समितीने चौकशी केली आणि २०१२ मध्ये अहवाल दिला. तपासलेल्या ३० कंपन्यांकडे २०१० साली ३५,२०२ भरती प्रतिनिधी होते आणि विद्यार्थ्यांना नोकरी मिळवून देण्यासाठी नेमलेले कर्मचारी ३,५१२. म्हणजे आत आणायला दहा, तर बाहेर पोचवायला एक. आणि हे प्रतिनिधी अप्रशिक्षित होते म्हणावं, तर त्यांचं प्रशिक्षण कोणाही सेल्स मॅनेजरला हेवा वाटावा इतकं पद्धतशीर होतं. आयटीटी या कंपनीच्या प्रशिक्षण साहित्यात तर ‘वेदनेचं नरसाळं’ नावाची एक प्रश्नमालिकाच होती. समोरच्या माणसाच्या आयुष्यात दुखतं कुठे ते आधी विचारायचं, मग ते किती दिवसांपासून दुखतंय, त्यावर आजवर काय करून पाहिलं, त्याचा उपयोग झाला का, त्या सगळ्याने तुला काय वाटतं, असं एकेक पायरी खाली न्यायचं. तो पुरता खचला, की त्याच्यापुढे प्रवेशाचा अर्ज ठेवायचा. एकट्या आया, नोकरी गेलेले कामगार, युद्धावरून परतलेले सैनिक, सगळ्यांना हे नरसाळं बसायचं. दुखऱ्या जागेवर बोट ठेवायला शिकवणं हेही शेवटी प्रशिक्षणच की!

त्याच सुमारास, २०१० मध्ये, अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने खोटे उमेदवार बनवून १५ कॉलेजांत गुप्तपणे माणसं पाठवली. पंधराही ठिकाणी दिशाभूल करणारी किंवा शंकास्पद विधानं ऐकायला मिळाली आणि चार ठिकाणी तर अर्जात खोटी माहिती भरायला उत्तेजन मिळालं. (त्या अहवालातले काही तपशील नंतर दुरुस्त करावे लागले आणि कॉलेजांच्या बाजूने त्यावर बराच गहजब झाला. मुख्य निष्कर्ष मात्र कायम राहिला.) लक्षात घ्या, लेखी नियमावली आणि अनुपालन विभाग या कंपन्यांकडे होतेच. कोरिंथियन कॉलेजेस ही त्यांतली एक बडी कंपनी २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ५ लाख ६० हजार जणांचं ५८० कोटी डॉलरचं कर्ज अमेरिकी सरकारला २०२२ मध्ये माफ करावं लागलं. कमिशन एका खिशात गेलं आणि भुर्दंड करदात्याच्या खिशावर बसला.

यावर एक जाणकार आक्षेप येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. प्रवेशांच्या संख्येवर मोबदला देण्यास अमेरिकेत १९९२ पासूनच कायद्याने मनाई होती. मग हे सगळं घडलंच कसं? तुमचा धागा तर तिथे आधीच तोडलेला होता! उत्तर कायद्याच्या बारीक अक्षरांत आहे. २००२ मध्ये सरकारने त्या मनाईला बारा सवलतींच्या पळवाटा जोडल्या. त्यांतली एक अशी, की पगार वर्षातून दोनदा बदलता येईल, फक्त तो ‘केवळ’ प्रवेशांच्या संख्येवर ठरलेला नसावा. त्या ‘केवळ’ने सगळा कायदा गिळला. प्रवेशांबरोबर वेळेवर येणं, वागणूक, संघभावना असे दोन-चार निकष कागदावर लिहिले की झालं. फीनिक्स विद्यापीठाच्या दोन माजी भरती कर्मचाऱ्यांनी २००३ मध्ये याच मुद्द्यावर दावा लावला. २००९ मध्ये विद्यापीठाने, चूक कबूल न करता, ६ कोटी ७५ लाख डॉलर सरकारला देऊन तो मिटवला. त्या बारा पळवाटा २०११ च्या जुलैपासून बंद झाल्या. तेव्हा तिथला इतिहास माझ्या म्हणण्याविरुद्ध जात नाही. धागा अर्धवट कापला तर तो पुन्हा विणला जातो, एवढंच तो सांगतो. शिवाय हेही पाहण्यासारखं आहे, की हे प्रकरण बाहेर आलं ते पगाराचा हिशोब माहीत असलेल्या दोन माणसांमुळे. कुठल्याही आचारसंहिता समितीमुळे नव्हे.

परदेशातलं उदाहरण नको असेल तर घरातलं घ्या. युलिप, म्हणजे शेअर बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी, आठवते? मराठी मध्यमवर्गातल्या निम्म्या कपाटांत तिची फाइल असेल. विमा एजंटाला परवान्याआधी ठरावीक तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागत होतं, परीक्षा द्यावी लागत होती. आज काउन्सेलरांसाठी जे मागितलं जातंय, ते सगळं तिथे होतं. तरीही ‘तीनच वर्षं भरा, नंतर आपोआप चालू राहतं’ असं सांगून निवृत्त माणसांच्या गळ्यात युलिप मारले गेले, कारण पहिल्या हप्त्यातला मोठा वाटा एजंटाकडे जात होता. विमा नियामकाने १ सप्टेंबर २०१० पासून युलिपमधल्या शुल्कांवर मर्यादा आणली आणि लॉक-इन तीनवरून पाच वर्षांवर नेलं. मग काय झालं? तेच एजंट, तेच प्रशिक्षण, तीच परीक्षा, आणि बघता बघता सल्ला बदलला. युलिप मागे पडले आणि जिथे कमिशन अजून शाबूत होतं त्या पारंपरिक पॉलिसी पुन्हा ‘सगळ्यात सुरक्षित’ ठरल्या. एकाच माणसाचं मत एका परिपत्रकाने असं फिरत असेल, तर त्या मताचा उगम त्याच्या ज्ञानात होता की पावतीत?

आणि याही मागे जायचं तर पेशवाईचा उत्तरकाळ आहेच. दुसऱ्या बाजीरावाने मामलती, म्हणजे परगण्याची वसुली आणि कारभार, इजाऱ्याने द्यायला सुरुवात केली. जो जास्त रक्कम बोलेल त्याला परगणा. वसुलीचे जुने कायदेकानून, दफ्तर, कारकून सगळं जागच्या जागी होतं. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याच व्यवस्थेने रयतेला बऱ्यापैकी सांभाळलं होतं. पण बोली लावलेली रक्कम सालअखेर भरून काढायची म्हटल्यावर मामलतदार दफ्तराकडे बघेल की रयतेच्या घरातल्या धान्याकडे? ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या इजारापद्धतीवर ताशेरे ओढले आहेत. तो परका राज्यकर्ता होता, पेशव्यांना नावं ठेवण्यात त्याचा स्वार्थ होता हे खरं. पण त्याने बोट ठेवलं ते बरोबर जागी.

आता आपल्याकडचं एक उदाहरण जवळून पाहू, म्हणजे ‘अर्धसत्य’ म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. २०२४-२५ पासून राज्य शासनाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत दिली. योजना चांगलीच आहे. पण ती लागू होते केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, मिळालेल्या प्रवेशाला. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ती नाही. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना तर नाहीच. आता फोनवरचं वाक्य ऐका: ‘ताई, शासनाने मुलींची फी माफ केलीय, माहितीय ना?’ या वाक्यात खोटं काय आहे? काहीच नाही. आई होकार देते, मुलगी संस्थास्तरावरच्या जागेवर बसते, आणि महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करायची वेळ येते तेव्हा कळतं की पूर्ण फी भरायची आहे. तोवर शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेजच्या कपाटात गेलेला असतो. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नयेत आणि प्रवेश सोडल्यास फी ठरलेल्या टप्प्यांनुसार परत करावी, हे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१८ मध्येच बजावलेलं आहे. ते त्या आईला कोण सांगणार? तोच काउन्सेलर?

या काउन्सेलरला दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं की काय बदलेल? वाक्याच्या शेवटी ‘पात्रतेनुसार’ हा शब्द येईल. अनुपालनाच्या चौकटीत बरोबर टिक होईल, रेकॉर्डिंग निर्दोष निघेल, आणि त्या मुलीचं नुकसान तेवढंच राहील. उलट तक्रार करायला गेल्यावर संस्था म्हणेल, आमचे सगळे प्रतिनिधी प्रमाणित आहेत. प्रशिक्षणाचा असा ढालीसारखा वापर होतो, ही मला यातली सगळ्यात काळजीची बाब वाटते. चूक कोणाची हे ठरवताना बोट खाली, पंधरा-वीस हजार पगाराच्या पोराकडे जातं, आणि टार्गेट ठरवणारा वरचा माणूस प्रशिक्षणाची बिलं दाखवून मोकळा होतो.

परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांबद्दल थोडंच. पुण्यात, ठाण्यात, नाशकात त्यांच्या पाट्यांवर ‘मोफत मार्गदर्शन’ लिहिलेलं असतं. ते मोफत असतं, कारण पैसे तिकडच्या विद्यापीठाकडून येतात आणि जे विद्यापीठ पैसे देत नाही त्याचं नाव सहसा यादीत येत नाही. तिथेही प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रं भरपूर आहेत. पण बनावट प्रवेशपत्रांचं प्रकरण अंगाशी आल्यावर कॅनडाने १ डिसेंबर २०२३ पासून जो उपाय केला तो वेगळा होता. प्रत्येक प्रवेशपत्र खरं आहे की नाही याची खातरजमा सरकार आता थेट त्या कॉलेजकडूनच करून घेतं. मधल्या माणसाच्या नीतिमत्तेवर काही अवलंबूनच ठेवलं नाही.

‘टार्गेट काढलं तर कॉलेजं बंद पडतील’ हा शेवटचा आणि भावनिक आक्षेप. यात माणसं आहेत म्हणून तो हलक्याने घेता येत नाही. अनेक खाजगी कॉलेजांत जून-जुलैत प्राध्यापकच काउन्सेलर होतात. बारावीच्या मुलांची यादी हातात, मोटारसायकल स्वतःची, पेट्रोल बहुधा स्वतःचं, आणि ‘प्रत्येकी इतके प्रवेश’ असा तोंडी हुकूम, जो कुठल्याही परिपत्रकात सापडत नाही. प्रवेश झाले नाहीत तर पगार लांबतो किंवा पुढचं कंत्राट होत नाही. पीएचडी झालेला माणूस कोणाच्या तरी ओसरीवर बसून, समोरच्या पोराला गणित जमत नाही हे दिसत असताना, इंजिनिअरिंग त्याला कसं झेपेल हे समजावतो. मग त्याच पोराला तो पहिल्या सेमिस्टरला शिकवतो, आणि नापासही करतो. या प्राध्यापकाला आपण ‘नैतिक प्रवेश प्रक्रिया’ या विषयावर कार्यशाळा देणार का? त्याला ते सगळं ठाऊक आहे, तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त. आणि ज्या कॉलेजची जागा अशा ओसरीवरच्या बैठकीशिवाय भरतच नाही, ते कॉलेज चालू राहण्याची किंमत तो मुलगा का मोजतोय?

करायचं काय, तर त्यासाठी नवं प्राधिकरण उभारायची गरज नाही. विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांची फी ठरवताना शुल्क नियामक प्राधिकरण त्यांचा जमाखर्च तपासतंच. त्या तपासणीत तीन गोष्टी सक्तीने मागता येतील. प्रवेशाच्या कामाला लावलेल्या प्रत्येकाला, मग तो काउन्सेलर असो, प्राध्यापक असो की बाहेरची एजन्सी, काय मोबदला दिला आणि कशाच्या आधारावर, हे शपथपत्रावर. प्रवेशसंख्येशी जोडलेली कोणतीही रक्कम फीच्या हिशोबात धरली जाणार नाही, असा स्पष्ट नियम. आणि पैसे घेण्याआधी विद्यार्थ्याच्या हातात मराठीतलं एक पान: हा प्रवेश कॅपचा की संस्थास्तरावरचा, चारही वर्षांची फी किती, शासनाची शिष्यवृत्ती याला लागू आहे की नाही, सोडल्यास किती दिवसांत किती परत. त्या पानावर प्रतिनिधीची नव्हे, प्राचार्यांची सही, म्हणजे तोंडी काय सांगितलं याचा वादच उरणार नाही. खाजगी विद्यापीठं या प्राधिकरणाच्या कक्षेबाहेर राहतात, ही त्रुटी खरी आहे. त्यांच्यासाठी त्यांच्या स्वतंत्र कायद्यात दुरुस्ती लागेल आणि ती सोपी नाही, कारण त्यांपैकी कित्येकांचे कर्ते विधिमंडळाला अपरिचित नाहीत.

एवढं झाल्यावर प्रशिक्षण जरूर द्या. ते तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयांतल्या शिक्षकांना द्या, ज्यांचा पगार मूल कुठल्या कॉलेजात गेलं यावर ठरत नाही. त्यांना त्या दोन महिन्यांचं मानधन आणि एक फोन द्या. तो फोन रात्री नऊ वाजता उचलला गेला पाहिजे, ही अट मात्र करारात लिहून घ्या.